आठ वाजून वीस मिनिटं

गावाचं नाव स्प्लिट.
यांनी हळदीच्या पावतीपुस्तकामागं लिहून घेतलं,
ट चा पाय मोडून.
‘म्हणजे दुभंगलेलं?’
सन्मती फोनवर हसली : ‘नाही हो बाबा. नुसतंच नाव.’

मार्केट यार्डात सौदे चालू आहेत.
मालक म्हणाले, भूपाल, सहा दिवस घ्या.
सातवा मागू नका.
म्हणून आमचा समुद्र सहा दिवसांचा,
त्यातले दोन विमानात.

उरलेल्या चारांत बेटं किती बसतात
ते मी जेवणाच्या टेबलावर मांडून बघते.
भडंगाचा डबा ब्राच,
पेला ह्वार,
यांच्या चष्म्याचं घर म्हणजे विस, फार लांब,
तिकडं गेलं तर परतीची बोट सापडत नाही.
डब्यापासून पेल्यापर्यंत मुंग्या निघाल्यात.
त्यांना आरक्षण लागत नाही.

आम्हाला लागतं सगळं.
सहा महिन्यांचा बँकेचा उतारा,
त्यात आमचं आयुष्य उघडं :
दूध, गॅस, गुडघ्याच्या गोळ्या,
पंचकल्याणकाला दिलेले अकरा हजार.
माझ्या पासपोर्टावर मगदूममध्ये एक ‘ए’ जास्त,
यांच्यावर नाही.
पस्तीस वर्षांचा संसार एका अक्षरावरून
सिद्ध करायला पुण्याला जायचंय.

प्रवासाचं कारण, असा रकाना होता.
यांनी लिहिलं, मुलगी.
एजंटानं खोडून केलं, पर्यटन.
खोडलेलं खालून वाचता येतं अजून.

खायचं काय, हा वेगळाच प्रश्न.
तिनं पाठवलेल्या मेन्यूवर
आठ पायांचं काहीतरी ताटात पसरलेलं.
यांनी फोन उलटा ठेवला.
मग पाव, टोमॅटो, ऑलिव्ह, तिचा शब्द,
आणि माझी जवसाची चटणी.
‘एवढं पाणी,’ हे म्हणाले,
‘गाळायचं तर फडकं कुठून आणायचं?’

मी विचारलं, समुद्र चढतो का गं तिथं?
मला तेवढंच विचारायचं होतं.
आमचा बोटीचा अनुभव एकोणीस सालचा :
गावभागातल्या गच्चीवरून जवानानं उचलून घेतलं,
मांडीवर कागदांची पिशवी,
शेजारच्यांची शेळी माझ्या पदराला धरून.
खाली आमचीच गल्ली, तपकिरी,
तीत कुणाचा तरी टीव्ही पोहत होता.
भिंतीवर ती रेघ अजून आहे, माझ्या खांद्याला लागते.
दोनदा रंग दिला, दोनदा वर आली.

‘आई, इथं भरती कळतसुद्धा नाही,’ सन्मती म्हणाली,
‘वीतभर चढतं, वीतभर उतरतं.’

फोन ठेवल्यावर मी रेघेखाली वीत लावून पाहिली.
अंगठा, करंगळी.
एवढंच?
एवढं तर आमच्या मोरीत तुंबतं.

रात्री कळलं, यांनी तिकिटाआधी, हॉटेलाआधी
काय शोधलं होतं ते.
पावतीपुस्तकात, स्प्लिटच्या खाली :
सूर्यास्त. आठ वाजून वीस मिनिटं.

इथं आमचा अंथऊ पावणेसातला उरकतो,
भांडी विसळून होईतो अंधार.
तिचा फोन येतो तेव्हा ती जेवायला बसलेली असते
आणि हे नुसते बघत बसतात,
तिचा घास, तिची भिंत, तिचा दिवा.
तीन वर्षं.

‘दीड तास जास्त मिळतोय,’ हे म्हणाले,
जणू मालकानं बोनस जाहीर केला.
‘तिला कामावरून यायला उशीर झाला तरी चालेल.’
अहो, ती सुट्टी घेऊन येणार आहे.
‘तरीपण.’

पुण्याची तारीख अजून मिळालेली नाही.
पिशवीत पाच हळकुंडं जाऊन बसलीत, नको म्हटलं तरी.
आणि काल पावणेसात झाले, ताट वाढलं,
तर हे दारात उभे, पश्चिमेकडं तोंड करून,
घड्याळ बघत,
कृष्णेपलीकडं अजून थोडा उजेड उरलाय का ते तपासत.
भाकरी निवते आहे, मी म्हटलं.
आलो, म्हणाले,
पण लगेच आले नाहीत.